मांडणीचे तीन गुण

आमचं घर कापडवाल्याचं. खाली दुकान, वर आम्ही, आणि दोन्हीकडे कायदा एकच: पहिल्यांदा सांगितलेला आकडा खरा धरायचा नसतो. गिऱ्हाईक आत आलं की वडील एक भाव सांगत. गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून त्याच्या निम्मा सांगे. वडील तोंड पाडून ठाण गुंडाळायला घेत, गिऱ्हाईक चपला शोधायला लागे, आणि मग "अहो, बसा तर खरं" असं म्हणून खरी बोलणी सुरू होत. जो माणूस पहिल्याच भावाला मान डोलवी, त्याच्याकडे वडील संशयाने बघत. "याला कापडातलं काही कळत नाही," ते नंतर म्हणत, "आणि माणसांतलंही."

हा कायदा जिना चढून वरही येई. अभ्यास किती तास करायचा, तर वडील म्हणत चार, मी म्हणे दोन, आणि आई मान वर न करता म्हणे तीन. मी लहानपणी आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं सांगितली होती. आईने ती तीनवर आणली आणि वर खोकल्याचं औषध घेतलं. चौथ्या दिवशी ताप परत आला तेव्हा आई म्हणाली, डॉक्टर आतल्या गाठीचा निघाला.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे मी गणिताची शिक्षिका झाले, आणि एकोणीस वर्षं प्रत्येक उत्तरपत्रिकेतून तीन गुण कापत आले.

आता लगेच कपाळाला आठ्या घालू नका. मी तापट आहे हे मान्य, पण अन्यायी नाही, असं माझं स्वतःबद्दल पक्कं मत होतं. तीन गुण मी सगळ्यांचे कापायची. पहिल्या बाकावरचा असो, शेवटच्या बाकावरचा असो, मुख्याध्यापकांची भाची असो, शेवटी लाल शाईने लिहायचं: 'मांडणी, वजा तीन'. मग मुलाने माझ्या टेबलापाशी यायचं आणि विचारायचं, "बाई, हे तीन का कापले?" मी म्हणायचं, "समास बघ कसा सोडलायस." त्याने म्हणायचं, "पण उत्तर तर बरोबर आहे." मी जरा फुरंगटून एक द्यायचा, मग दुसरा. त्याने पेपर घेऊन दारापर्यंत जायचं आणि उंबऱ्यावर रेंगाळायचं. मग मी तिसरा द्यायचा. एखादा फारच चिकाटीने उभा राहिला तर चौथाही सुटायचा, कारण चिकाटी बघितली की माझ्यातल्या कापडवाल्याच्या मुलीला भरून येतं.

मागायला या, असं मी कधी कोणाला सांगितलं नाही. भाव करा, अशी पाटी कोणी दुकानावर लावतं का? ते आईच्या मांडीवरच कळतं असं मी धरून चालले होते. भीड भिकेची बहीण, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवत.

आणि खरंच, किती तरी मुलांना ते कळलेलं होतं. सातवीतला एक मुलगा तर असा तयार, की सगळी शाळा त्याला वकील म्हणायची. त्याच्या घरी भांड्यांचं दुकान. सहामाहीला त्याचं प्रत्येक गणित बरोबर होतं. कापलेले तिन्ही गुण परत मिळाले, शंभर झाले, तरी हा टेबलापाशी उभाच. "बाई, शेवटचं गणित मी दोन रीतींनी सोडवलंय," म्हणाला. मला राहवलं नाही, मी आणखी एक दिला. मुख्याध्यापकांनी गुणपत्रक परत पाठवलं, शंभरपैकी एकशे एक कसे, म्हणून. मी कळवलं, लिहिताना हात घसरला.

आमच्या शाळेच्या एका अंगाला बाजार आहे आणि दुसऱ्या अंगाला बसचा डेपो आणि डेपोवाल्यांच्या खोल्या. मुलं या दोन्हीकडून येतात. एकोणीस वर्षांत माझ्या ध्यानात आलं होतं, की बाजारातली मुलं गणितात हुशार आणि डेपोतली कच्ची. वर्षानुवर्षं, न चुकता. त्यावर मी एक निबंधही वाचला होता, शिक्षकांच्या शिबिरात. 'परिसर आणि गणिती बुद्धी'. सोबत मोठा तक्ता, निळा खांब बाजाराचा, पिवळा डेपोचा, आणि निळा सगळीकडे वर. टाळ्या पडल्या. तो तक्ता शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर चिकटवला होता, चहाच्या टेबलावरून सहज दिसेल असा.

असं शास्त्र एकदा हाताशी आलं की माणूस त्याप्रमाणे वागतो. डेपोतल्या मुलांना मी खिडकीजवळच्या मागच्या बाकांवर बसवायची, गणित नाही तर निदान हवा तरी मिळेल म्हणून. फळ्यावर अवघड गणित आलं की बाजाराकडे बघायची, सोपं आलं की डेपोकडे. दया म्हणून, बरं का. माझ्या मनात काळंबेरं काही नव्हतं.

वकिलाच्याच वर्गात, त्या खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई बसमध्ये कंडक्टर, म्हणून वर्गाने तिचं नाव ठेवलं होतं तिकीट. वर्षभरात ती माझ्याशी जेवढं बोलली ते एका तिकिटाच्या पाठीवर मावलं असतं. हो बाई, नाही बाई, हजर बाई.

वार्षिक परीक्षेत तिला एक्केचाळीस पडले. उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात. मी नेहमीप्रमाणे मांडणीचे तीन कापले आणि लिहिलं, अडतीस. मनात म्हटलं, आता येईल. आता तर यावंच लागेल, कारण गणितात राहिलं की आख्खं वर्ष पुन्हा. कृपागुण आमच्या शाळेत नाहीत. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की कृपा देवाने करावी, शाळेने हिशेबात राहावं.

पेपर मंगळवारी वाटले. गुणपत्रक शनिवारी बाराच्या आत मुख्याध्यापकांच्या टेबलावर. मधे चार दिवस. चार दिवसांत माणूस लग्नाचं कापड घेऊन, घरी दाखवून, बदलून नेतो.

मंगळवारी टेबलापाशी रांग लागली. वकील अर्थातच पहिला. त्याचे अठ्ठ्याण्णव मी पंच्याण्णव केले होते, ते त्याने नव्याण्णव करून नेले. मागोमाग बाजारातली बाकीची मुलं. मी मान वर करून खिडकीकडे बघत होते. तिकीटने पेपर बघितला, अडतीस बघितले, पेपरची चौपदरी घडी घातली, दप्तरात ठेवली आणि हाताची घडी घालून बसली.

बुधवारी मी तिच्या बाकापाशी जाऊन थांबले.

"काही विचारायचंय?"

"नाही बाई."

"पेपर नीट बघितलास?"

"हो बाई."

"मांडणीचं काय लिहिलंय ते बघितलंस?"

"हो बाई. पुढच्या वर्षी नीट करीन."

पुढच्या वर्षी. म्हणजे माझ्याच वर्गात, याच बाकावर, एका वर्षाने लहान असलेल्या पोरांत. हे तिने इतक्या समजूतदारपणे सांगितलं, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे न मागणं म्हणजे अपमान. माल बघायचा, हात लावायचा आणि काही न बोलता निघून जायचं, हे काय माणसाचं वागणं आहे?

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं होतं तर देऊन टाकायचे तीन गुण. बोलणं सोपं आहे. आमच्या घराण्यात न मागता कोणी कधी काही सोडलेलं नाही. वडील सांगायचे, आपणहून भाव पाडला की गिऱ्हाईक कापडात भोक शोधतं. आणि एकीला दिले की बाकीच्यांचं काय, हाही प्रश्न होता. तो प्रश्न डोक्यात आला की मी पटकन दुसरं काहीतरी तपासायला घ्यायची.

गुरुवारी मी युक्ती केली. प्रात्यक्षिक. वकिलाला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "मंगळवारी माझ्याशी जसं बोललास, तसं पुन्हा बोल. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तो सावध झाला. "बाई, माझे तर मिळाले."

"तरी बोल."

"मग अजून मिळणार?"

"बोल तर खरं."

वकील बोलला. काय बोलला म्हणून सांगू. समासाची व्याख्या विचारली, मागच्या वर्षीच्या पेपरचा दाखला दिला, परीक्षेच्या दिवशी आपल्या पेनाला काय झालं होतं ते सांगितलं, आणि शेवटी पेपर उचलून दाराकडे असा चालत गेला, की मी स्वतःला विसरून म्हणाले, "अरे, ये, बस तर खरं." तो शंभर घेऊन जागेवर गेला. सगळं प्रात्यक्षिकभर मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिकीटकडे बघत होते. ती लक्ष देऊन ऐकत होती आणि वहीत लिहूनही घेत होती. मला वाटलं, लागला एकदाचा दिवा.

मधल्या सुट्टीत ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी तिची वही उघडली. वर तारीख होती. खाली लिहिलं होतं: 'समास. डावीकडे दोन बोटं. उजवीकडे एक. दोन गणितांमध्ये एक ओळ मोकळी.' त्याखाली तिने पट्टीने तीन समास आखून बघितले होते. तिन्ही सरळ होते, माझ्यापेक्षाही.

शुक्रवारी सकाळी शिपाई सांगत आला, की तिकीटची आई भेटायला आलीय. मी खुर्चीतून उठलेच. आली शेवटी. पोर मुखदुर्बळ असली तरी आई कंडक्टर आहे, दिवसभर चारशे माणसांना तोंड देते, ती काय सोडणार आहे? मी दुसरी खुर्ची पुसली, पंख्याखाली ओढली, दार लोटून घेतलं. मनात ठरवलं, सुरुवात एका गुणापासून करायची.

ती गणवेशातच होती, खांद्याला चामड्याची पिशवी. "बसत नाही बाई," म्हणाली, "पावणेबाराची फेरी आहे. एवढंच सांगायला आले, पोरीकडे आमचं लक्ष कमी पडलं. तुम्ही वर्षभर एवढी मेहनत घेतली आणि ती वाया गेली. माफ करा."

मी थक्क झाले. इतकी वाकडी सुरुवात मी दुकानातसुद्धा पाहिली नव्हती. म्हटलं, ही फार वरच्या दर्जाची आहे.

"तसं बघायला गेलं तर," मी म्हणाले, "अडतीस म्हणजे अगदी अडतीसच, असं काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दोनच तर कमी आहेत."

"दोन कमी म्हणजे कमीच की, बाई."

"तुम्हाला काही म्हणायचंय का? म्हणायचं असेल तर म्हणा."

"नाही."

"म्हणा हो."

"काय म्हणू?"

मला घाम फुटला. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी बघितली होती, पण इथे ताकवालीच भांडं पुढे करत होती आणि गिऱ्हाईक हात मागे बांधून उभं होतं. "समजा," मी म्हटलं, "समजा हं, तुम्ही म्हणालात, बाई, चाळीस करून टाका..."

तिचा चेहराच बदलला. "मी असं कशाला म्हणीन?" तिने पिशवी सावरली. "अठरा वर्षं बसमध्ये आहे मी. रोज एक तरी माणूस म्हणतो, दोनच थांबे आहेत, कमी घ्या. मी काय सांगते? छापलंय ते छापलंय. तुमच्याकडेही येत असतील अशी माणसं, पेपर घेऊन. आम्ही त्यातले नाही, बाई. पोरांना पहिल्यापासून सांगितलंय, बाईंनी दिलं ते आपलं. वर तोंड करून विचारायचं नाही."

मला माझी आत्या आठवली. आत्या एकदा बसमध्ये तिकिटाचा भाव करत होती. कंडक्टर ऐकेना, तेव्हा ती दुकानात करतात तसं उठली आणि मधल्याच थांब्यावर उतरून पाठ करून उभी राहिली, बस हाक मारेल म्हणून. बस निघून गेली. आत्या आजही सांगते, त्या बसला धंदा कळत नव्हता. आम्ही सगळे इतकी वर्षं यावर मान डोलावत आलोय, आणि बसचं काही म्हणणं असेल हे कोणाच्या डोक्यातही आलेलं नाही. ते माझ्या डोक्यात त्या शुक्रवारी, सव्वाअकराला आलं.

जाता जाता ती टेबलाकडे बघून थांबली. तिथे चाचणीच्या गुणांची माझी यादी पडली होती, तिच्या बाजूने उलटी. "बाई, राग मानू नका," ती म्हणाली, "शेवटच्या बेरजेत हातचा राहिलाय. एकशे छप्पन्न पाहिजे. तुम्ही एकशे सेहेचाळीस लिहिलंय."

ती गेली. मी बेरीज पुन्हा केली, मग मोबाइलवर केली. एकशे छप्पन्न.

मग मी कपाटातून सातवीचे सगळे पेपर काढले आणि दोन गठ्ठे केले. मांडणीचे गुण परत मागायला कोण आलं होतं? बाजारातल्या अठरांपैकी सतरा. डेपोतल्या चौदांपैकी एकही नाही. मग मी एक गोष्ट केली, जी एकोणीस वर्षांत कधी केली नव्हती. घासाघीस होण्याआधीचे, कापण्याआधीचे, मुलांनी खरोखर मिळवलेले गुण एका कागदावर मांडले आणि खांब काढले. निळा आणि पिवळा शेजारी शेजारी उभे राहिले, एकाच उंचीचे. पिवळा थोडा वरच होता, पण तो मी पट्टी तिरकी ठेवल्यामुळे असेल असं मनाला सांगितलं. पट्टी सरळ केली. तरी वरच.

मला लाज वाटली. सरळ सांगते, फार लाज वाटली. आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन भिंतीवरचा तक्ता ओढून काढला, त्याच्याबरोबर हातभर रंगाचा पोपडाही निघाला. चित्रकलेचे सर चहा पीत होते. ते म्हणाले, "खांब छान होते हो." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शनिवारी साडेदहाला मी मुख्याध्यापकांपुढे आधी भरलेलं गुणपत्रक आणि त्याच्या शेजारी नवं ठेवलं. त्यांनी वरून खाली बघितलं.

"बऱ्याच जणांचे तीन वाढलेत."

"कापले होते."

"का कापले होते?"

"मागायला यावं म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "आणि कोणी नाही आलं तर?"

"मी वाट बघत होते, सर."

"किती दिवस?"

"एकोणीस वर्षं."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, की गुणपत्रक ते स्वीकारतात, पण मला कडक समजपत्र द्यावं लागेल. मी काही विचार न करता म्हणून गेले, "तोंडी नाही का चालणार?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. समजपत्र लेखी मिळालं, दोन प्रतींत.

वर्गात जाऊन मी सगळ्यांना सांगितलं. मांडणीचे गुण आजपासून बंद, ज्याने जे मिळवलं तेवढंच त्याचं. वकील उभा राहिला. त्याचे शंभर पुन्हा अठ्ठ्याण्णव झाले होते. "बाई," तो म्हणाला, "मग आम्ही एवढे बोललो ते?"

"ते फुकट गेलं."

"निदान उभं राहण्याचा एखादा?"

"बस खाली."

तिकीटला मी टेबलापाशी बोलावलं. "तुझे एक्केचाळीस आहेत," मी म्हटलं. "तू पास आहेस." ती कागदाकडे बघत राहिली. आनंद सोडाच, तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, आईला वाटेल मी मागितले."

"तू मागितले नाहीस. ते तुझेच होते. मी कापले होते. मी आईला तसं लिहून देते."

तिने मान हलवली. जागेवर जाईल असं वाटलं, पण ती तिथेच उभी राहिली, बोटाने टेबलाची कड खरवडत. मग वर्षभरात पहिल्यांदा तिने मला प्रश्न विचारला.

"बाई, तुम्ही दर वर्षी कापायचात?"

"हो."

"सगळ्यांचे?"

"हो, सगळ्यांचे."

"पाच वर्षांपूर्वी पण?"

"पाच वर्षांपूर्वी पण. का गं?"

"दादाला एकोणचाळीस होते," ती म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी लोखंडी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. मुलाचा चेहरा मला आठवत नव्हता, आणि हे मी फक्त तुम्हाला सांगतेय. नाव सापडलं. मिळालेले बेचाळीस, मांडणी वजा तीन, एकूण एकोणचाळीस, अनुत्तीर्ण. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात माझंच वळणदार अक्षर: 'गणितात गती नाही. डेपो.'

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. डेपोच्या मागे दोन मजली इमारत आहे, जिन्यात डिझेलचा वास, कठड्यावर गणवेश वाळत घातलेले. वाटेत मी बोलायच्या तीन सुरुवाती ठरवल्या होत्या, तिन्ही आडवळणाच्या. एक हवापाण्यावरून, एक तिकीटच्या अक्षरावरून, एक रंगांवरून, कारण मुलगा डेपोत बसच्या पाट्या रंगवतो हे मला शिपायाने सांगितलं होतं. एक वर्ष मागे राहून, गणित टाळता येईल असे विषय घेऊन त्याने कशीबशी शाळा संपवली होती.

तो दारातच बसून ब्रश धूत होता. अठरा वर्षांचा, ओठांवर मिशी, आणि मला बघितल्याबरोबर ताडकन उभा राहिला, रंगाचे हात पाठीमागे लपवून. "बसा बाई," म्हणाला, आणि स्वतः उभाच. त्याच्या आईने खुर्ची आणली. तिकीट आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"सुटीच्या दिवशी कशाला त्रास घेतलात," आई म्हणाली. "पोरीने सांगितलं सगळं. तुमची चिठ्ठी वाचली. तुम्ही मोठं मन केलं."

माझ्या तिन्ही सुरुवाती तिथेच मेल्या.

"मोठं मन काही नाही," मी म्हणाले. "मी याच्यासाठी आलेय." मी त्याच्याकडे वळले. "सातवीत तुला गणितात बेचाळीस होते. मी तीन कापले. तू मागायला येशील म्हणून कापले, आणि तू आला नाहीस. तू नापास नव्हतास."

तो आधी हसला, मोठ्या माणसाने चेष्टा केली की हसावं लागतं तसं. आईकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. दोघी हसत नव्हत्या.

"बेचाळीस?"

"बेचाळीस."

"आणि पास किती?"

"चाळीस."

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. तरी त्याने मनात वजाबाकी केली, मी बघत होते. मग त्याने हात पुढे आणले, बोटांना पिवळा रंग लागलेला होता.

"म्हणजे बाई, मी ढ नव्हतो?"

"नव्हतास," मी म्हटलं. पहिल्याच वेळी आणि सरळ. आमच्या घरात असं बोललेलं कोणी ऐकलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं, आणि त्याच्याशीही घासाघीस केली असती.

तो खाली बसला आणि ब्रश पुन्हा धुवायला लागला, जरी तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मी उठले, पदर सावरला, येते म्हटलं. तेव्हा त्याची आई, जिने अठरा वर्षांत कोणाकडे काही जास्त मागितलं नव्हतं, माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "अजून एकदा सांगा त्याला."